अणू जोडून अतिशीत रेणू करताना बंधाची ऊर्जा जाते कुठे?

तुमचे प्रश्न दोन आहेत: पोटॅशियम-४० आणि रुबिडियम-८७ जोडताना बंधाची ऊर्जा सुटते, तरी वायू तापत कसा नाही? आणि जोडीला तळाच्या अवस्थेत नेणाऱ्या दोन लेसर पल्सपैकी (क्षणिक झोतांपैकी) ‘नंतरचा’, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा, आधी का सोडतात?

अमेरिकेतल्या बोल्डरच्या ‘जिला’ (JILA) या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत २००८ मध्ये जमलेली रीत घेऊ. काहीशे नॅनोकेल्विनला आणलेल्या अणूंवरचं चुंबकीय क्षेत्र ५४६.७ गाउसजवळच्या फेशबाख रेझोनन्सवरून (इथे सुट्या अणूंची ऊर्जा सैल जोडीच्या ऊर्जेशी जुळते) हळू खाली आणलं, की अणूंच्या सैल जोड्या जमतात. लेसरचं काम इथून सुरू होतं. ९७० नॅनोमीटरचा पंप लेसर जोडीला उत्तेजित अवस्थेशी जोडतो, ६९० चा स्टोक्स लेसर त्या अवस्थेला तळाच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेशी. रेणू ९७० चा एक फोटॉन घेतो आणि ६९० चा एक देतो. दिलेला फोटॉन जास्त ऊर्जेचा! फरक सुमारे १२५ टेराहर्ट्झ, म्हणजे तापमानाच्या भाषेत साधारण ६००० केल्विन. तेवढी सगळी ऊर्जा स्टोक्सचा झोत घेऊन जातो. दोन्ही झोत एकाच दिशेने सोडले की रेणूला बसणारा धक्काही बराचसा कटतो.

आता क्रम. स्टोक्स आधी लागतो तेव्हा त्याने जोडलेल्या दोन्ही अवस्था रिकाम्या असतात, त्यामुळे काहीच घडत नाही. मग काही मायक्रोसेकंदांत स्टोक्स उतरवत पंप चढवायचा. रेणू ‘डार्क स्टेट’मध्ये (सैल जोडी आणि तळाची अवस्था यांच्या अशा मिश्रणात, जे लेसरचा प्रकाश शोषत नाही) राहून तळाला सरकतो आणि मधली अवस्था जवळजवळ रिकामीच राहते. ती भरली, तर रेणू आपणहून प्रकाश सोडून भलत्याच कंपनपातळीवर जातो आणि हातचा जातो.

पल्स फार आखूड झाला तर रेणूला डार्क स्टेटसोबत सरकायला वेळ मिळत नाही. फार लांबला तर दोन लेसरमधला फेज (लहरींचा आपसातला ताल) भरकटतो. म्हणून दोघांना एकाच फ्रिक्वेन्सी कोंबला (समान अंतरावरच्या वारंवारतांची प्रकाशपट्टी) किंवा अतिस्थिर कॅव्हिटीला (समोरासमोरच्या आरशांची पोकळी) लॉक करतात, म्हणजे त्यांची वारंवारता तिच्याशी बांधून ठेवतात. मात्र नुसती लाइनविड्थ (लेसरच्या वारंवारतेचा पसारा) अरुंद दिसली म्हणून निश्चिंत राहू नका. लॉकच्या सर्वोमुळे (वारंवारता सतत दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेमुळे) मुख्य रेषेपासून काहीशे किलोहर्ट्झ ते मेगाहर्ट्झ अंतरावर गोंगाटाचे दोन उंचवटे उठतात. ते राबी फ्रिक्वेन्सीच्या (लेसर रेणूला दोन अवस्थांमध्ये ज्या वेगाने झुलवतो त्याच्या) आसपास आले की कार्यक्षमता खातात, आणि लोक दोष पल्सच्या आकारात शोधत बसतात. अरुंद कॅव्हिटीतून गाळून आलेला प्रकाश वापरला की हे उंचवटे दबतात.

तळाच्या रेणूंचा थेट फोटो काढणं अवघड असतं. त्यामुळे तेच पल्स उलट्या क्रमाने सोडून त्यांना सैल जोडीत परत आणतात आणि मग मोजतात. जाऊन-येऊन ८१ टक्के उरले, तर एका बाजूची कार्यक्षमता ९० टक्के धरा.