डोंगराचा तांबडा गाळ शेतात आला, ठेवायचा की काढायचा?

पुराचं पाणी ओसरल्यापासून येणारे प्रश्न साधारण तीन प्रकारचे आहेत. पाटण भागातले भातवाले सांगतात, वर डोंगरात झाडं तोडली, मुरमासाठी उतार उकरला, तिथली तांबडी माती ओढ्यानं खाचरात आणून टाकली आणि आता भात तांबूस पडतंय. वाळव्याकडचे ऊसवाले विचारतात, हा गाळ खत समजायचा का? आणि एका भाऊंनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या सोन्याच्या खाणींचा व्हिडिओ पाहून विचारलंय, "साहेब, आपल्या कोयनेतही पारा आला असंल का?"

पाऱ्याचं आधी. तिकडं नदीच्या वाळूतले सोन्याचे कण धरायला पारा वापरतात. तो गाळात बसतो, माशांत जातो आणि मासे खाणाऱ्यांच्या अंगात उतरतो. आपल्याकडे खाली काळा पाषाण, माथ्यावर जांभा. सोन्याचा धंदाच नाही, तर तो पारा येणार कुठून? आपल्याला जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या कुद्रेमुखचं. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीचा गाळ भद्रेत जायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ती खाण २००५ च्या अखेरीस बंद झाली. भद्रा तुंगभद्रेतून कृष्णेलाच मिळते, पण आपल्या पुष्कळ खाली. म्हणजे आपल्या रानात आलेला गाळ आपल्याच डोंगराचा आहे.

म्हणून तो चांगलाच, असं मात्र नाही. पूर्वी नदी जी मळई आणायची तिच्यात रानातला पालापाचोळा, वरची कुजकी माती असायची. झाडोरा गेला आणि उतार उकरला की खालची निकस माती सुटते. तिच्यात सेंद्रिय कर्ब नावालाच. वरच्या अंगाला क्रशर असेल तर दगडाची भुकटीही येते. ती वाळली की जमिनीवर पापडी धरते आणि मुळांचा श्वास कोंडतो.

रंगावरून निर्णय घेऊ नका. मूठभर गाळ काचेच्या बाटलीत पाण्यात हलवून ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळच राहिलं तर गाळ चिकणमातीचा. धातू आणि स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते ती हीच बारीक माती.

भाताचं दुखणं इथंच आहे. घाटाकडची जांभ्याची माती आम्ल, लोहानं भरलेली. खाचरात पाणी तुंबलं की हवा संपते आणि एरवी घट्ट बसलेलं लोह विरघळून मुळांत शिरतं. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, उपटून पाहिलं तर मुळांवर गंजाचा थर. अशा वेळी बरेच जण युरिया फेकतात. तो थांबवा. आधी खाचराचं पाणी काढा, बारीक भेगा दिसेपर्यंत सुकू द्या, मग पुन्हा भरा. पालाशची (पोटॅशची) मात्रा चुकवू नका. गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला एरवी उत्तम, पण या हंगामात त्या खाचरात गाडू नका. तो कुजताना उरलीसुरली हवाही खाऊन टाकतो. पुढच्या वर्षी माती परीक्षणातला सामू (पीएच) पाहून चुना द्या. वरून फेकलेला स्फुरद ही माती जखडून ठेवते, त्यामुळं भाताच्या चारसूत्री लागवडीत ब्रिकेट (खताची गोळी) चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध खोचणंच बरं.

वाळवा, मिरजेकडं गोष्ट उलटी. तुमची काळी रानं चुनखडीची, सामू आठच्या आसपास. त्यांत लोहाचा गाळ कितीही पडला तरी ते पिकाला लागत नाही. रान तांबडंलाल आणि ऊस केवड्यानं (लोह न मिळाल्यानं) पांढरा, असंही दिसेल. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घेऊन फवारा; जमिनीतून द्यायचं तर शेणखतात मुरवूनच. चुना या रानांना अजिबात नको.

गाळ इंच-दोन इंच असेल तर वाफसा आल्यावर पापडी फोडून मातीत मिसळा. ओल्यात ट्रॅक्टर घातला तर खालची जमीनही दाबून बसेल. थर तीन इंचांहून जाड असेल तर खोरं लावायच्या आधी तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्या आणि फोटो काढून ठेवा. आपत्ती मदतीच्या निकषात गाळ काढण्याचं अनुदान तीन इंचांवरच्या थरालाच आहे, आणि काढून टाकलेला गाळ कुणाला मोजता येत नाही. काढलेला गाळ पुन्हा ओढ्यात लोटू नका, नाहीतर पुढच्या पावसात तो खालच्या भावकीच्या रानात जाईल आणि नवा तंटा उभा राहील.

परीक्षणासाठी गाळाचा नमुना वेगळा आणि खालच्या मूळ मातीचा वेगळा द्या. मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यांत नाहीत. ओढ्याला कारखान्याचं पाणी किंवा यंत्रांचं तेल मिळत असेल तर प्रयोगशाळेला तसं सांगून जड धातूंची तपासणी वेगळी मागा. सगळ्यांनी हा खर्च करायची गरज नाही.

तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी ठिबकचं विचारलंय. गढूळ पाणी थेट फिल्टरला देऊ नका. शेततळ्यात निवळू द्या, उपसा वरच्या थरातून घ्या, वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहानं धुवा आणि लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा.