निष्पत्ती आधीच सांगितल्या तर मुलं स्वतःहून शिकतात का?

तुम्ही विचारलंय की अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे घटक शिकून झाल्यावर काय यायला हवं याची, यादी घटक सुरू व्हायच्या आधीच मुलांना दिली, तर ती आपापली शिकू लागतात की तेवढ्यापुरतं करून मोकळी होतात. मी सातवीला गणित शिकवते. माझा अनुभव सांगायचा तर, नुसती यादी दिली की दोन्हीपैकी काहीच होत नाही.

पहिल्यांदा मी यादी छापून वहीत चिकटवायला लावली होती. 'विद्यार्थी भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांवरील क्रिया करतो.' मुलांनी चिकटवली, भोवती स्केचपेनने छान चौकट काढली आणि ते पान परत कुणी उघडलं नाही. कशाला उघडतील? ते वाक्य लिहिलंय शिक्षकासाठी.

मग मी ते बदलून असं केलं: 'छेद वेगळे असले तरी मला बेरीज करता येते, आणि छेद समान का करायचे हे मी चित्र काढून दाखवू शकते/शकतो.' पण खरा फरक पडला तो नमुन्यांनी. १/२ + १/३ हे एकच गणित तीन प्रकारे सोडवून मी फळ्यावर लावलं. तिन्ही माझ्याच हाताने लिहिलेली, म्हणजे कुणा मुलाची वही चव्हाट्यावर नको. पहिल्यात अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५. दुसऱ्यात लसावि काढून ५/६, बाकी काही नाही. तिसऱ्यात ५/६ आणि सोबत सहा भागांच्या पट्ट्या. यात सर्वांत चांगलं कुठलं आणि का, ते तुम्हीच ठरवा म्हटलं.

दुसऱ्या-तिसऱ्यावरून बराच वाद झाला ("उत्तर बरोबर आहे ना, मग झालं!"). पण पहिल्याबद्दल एक मुलगी म्हणाली, "अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि ते अर्ध्याहून कमी कसं झालं?" हे मी शिकवलेलं नव्हतं.

रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ मध्येच हे मांडलंय: चांगलं काम कसं दिसतं, आपलं काम त्याच्या तुलनेत कुठे आहे आणि मधलं अंतर कसं कापायचं, या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला कळायला हव्यात. आपण बहुतेक वेळा पहिली वाचून दाखवतो आणि उरलेल्या दोन स्वतःकडेच ठेवतो.

आता वही तपासायला देण्याआधी मुलं ती नमुन्यांशी ताडून बघतात आणि काय राहिलं ते समासात एका ओळीत लिहितात. 'मला येतं'वर सगळेच डोळे झाकून टिक करायचे, म्हणून नियम केला: टिकपुढे वहीतला पान क्रमांक हवा, जिथे ते केलेलं दिसेल. टिका निम्म्यावर आल्या.

तेवढ्यापुरताच अभ्यास होईल ही तुमची भीती खोटी नाही. निकष 'पाच गणितं सोडवतो' असा असेल तर पाचच होतील. 'का ते दाखवतो' असा असेल तर इतक्या सहज सुटका नाही. निबंधाला मात्र मी हे फार जपून वापरेन. निकष जास्त बारीक केले की चाळीस निबंध एकाच साच्यातून काढल्यासारखे येतात.

सुरुवात एकाच घटकापासून करा. नमुन्यांवरच्या चर्चेत अख्खी तासिका जाते, तेव्हा वेळापत्रकात ती आधीच धरून ठेवा.