एल ५९: बॉकहोल्ट खोट्या संदेशाला फसला होता का?

प्रश्न असा होता की पहिल्या महायुद्धात जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या सैन्याला रसद पोचवायला निघालेल्या एल ५९ या झेपेलिनचा (हायड्रोजनवर तरंगणाऱ्या जर्मन हवाई जहाजाचा) कमांडर लुडविग बॉकहोल्ट ब्रिटिशांच्या बनावट बिनतारी संदेशाला फसून आफ्रिकेतून परत फिरला का. नाही. हुकूम खरा होता आणि जर्मन नौदलाचाच होता. तिथला जर्मन सेनापती लेटो-फोरबेक याचं सैन्य, जिथे यान उतरायचं होतं त्या माकोंडे पठारावरून मागे हटलं होतं, त्यामुळे झेपेलिन उतरवायचं कुठे, हाच प्रश्न होता. फसवणुकीची गोष्ट चटकदार आहे, म्हणून टिकली.

बॉकहोल्ट धाडसी होता, पण बेफिकीरही. एप्रिल १९१७ मध्ये एल २३ मधून त्याने 'रॉयल' हे नॉर्वेजियन शिडाचं जहाज पकडलं आणि त्यावर आपली माणसं उतरवली. झेपेलिनने जहाज ताब्यात घेतल्याचं हे एकमेव उदाहरण. ऑक्टोबरमध्ये मात्र वादळाची चिन्हं असताना त्याने एल ५७ चाचणीसाठी बाहेर काढलं. वाऱ्यात ते हँगरमध्ये परत घेता येईना. गॅस निघून जावा म्हणून बंदुकांनी भोकं पाडली, तरी ते जळालंच.

मग एल ५७ सारखंच, या मोहिमेसाठी लांबवलेलं एल ५९ आलं: २२६.५ मीटर लांबी, ६८,५०० घनमीटर हायड्रोजन, ५ मायबाख इंजिनं. परतायचं नव्हतंच, म्हणून आवरणाचे तंबू, वायुपिशव्यांच्या कापडाची बँडेजं करायची असं आधीच ठरलेलं.

२१ नोव्हेंबरला ते बल्गेरियातल्या यांबोलहून निघालं. खरा त्रास वाळवंटाने दिला. दिवसा ऊन लागलं की हायड्रोजन फुगतो आणि झडपांतून बाहेर जातो. रात्री उरलेला गॅस थंड होऊन आकसतो, उचल कमी पडते आणि यान खाली बसू लागतं. मग बॅलास्टचं, म्हणजे मुद्दाम वजन म्हणून नेलेलं, पाणी सोडायचं. तेवढ्याने भागेना तेव्हा दारूगोळ्याच्या पेट्याही फेकल्या. त्यात पुढचं इंजिन बंद पडलं, आणि बिनतारीचा जनित्र त्यावरच चालायचा! त्यामुळे संदेश ऐकू येत, पाठवता येत नसत. खार्तूमच्या पश्चिमेला परतीचा हुकूम मिळाला. ९५ तासांत ६,७५७ किलोमीटर उडून यान यांबोलला उतरलं, तेव्हा टाक्यांत आणखी दोन दिवसांहून जास्त पुरेल एवढं पेट्रोल होतं.

मार्च १९१८ मध्ये त्याने नेपल्सवर बाँब टाकले. ७ एप्रिलला माल्टाकडे जाताना इटलीजवळच्या ओट्रँटोच्या सामुद्रधुनीवर एल ५९ पेटलं. सगळेच्या सगळे गेले. आग पाहिली ती जर्मन पाणबुडी यूबी ५३ ने. ब्रिटिश किंवा इटालियन, कोणीही ते पाडल्याचा दावा केला नाही, त्यामुळे कुठे 'शत्रूने पाडलं' असं छापलेलं दिसलं तर त्यावर विसंबू नका.