फासे, पॉइंट्स आणि किल्लेदार

प्रश्न: नमस्कार. मी साताऱ्यात कॉलेजला आहे. आम्ही चौघं मित्र रविवारी टेबलावर मिनिएचर सैनिक मांडून वॉरगेम खेळतो, मोजपट्टी, फासे, पॉइंट्स (म्हणजे प्रत्येक तुकडीच्या ताकदीची ठरलेली किंमत) सगळं रीतसर. मी माझ्या तुकड्यांना नावं देतो, त्यांचा सरदार कोण, मागच्या लढाईत त्यांचं काय झालं हेही ठरवतो. मित्र म्हणतात हा पोरकटपणा आहे. गोष्टीची खरंच गरज असते का?

उत्तर: असते, आणि चांगलीच असते. पोरकट म्हणणाऱ्यांना सांग की १८२४ साली प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यानं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी जो युद्धखेळ घेतला, त्यात मध्ये एक पंच बसायचा आणि प्रत्येक बाजूला तिच्या सैनिकांना जेवढं दिसेल तेवढंच सांगायचा, बाकी टेकडीपलीकडे काय चाललंय ते सेनापतीनं मनानं ताडायचं आणि हुकूम कागदावर लिहून द्यायचे. म्हणजे कल्पना लढवणं हाच तिथं अभ्यास होता. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले, त्यातही एक अख्खी लढाई सेनापतीच्या तोंडून सांगितलीय. आणि दिवाळीत मातीचा किल्ला करताना कुठला मावळा दरवाजावर आणि कुठला बुरुजावर यावरून आपण सगळेच भांडलोय की, तेव्हा कुठं पॉइंट्स होते?

गोष्टीनं खरा फरक पडतो तो निर्णयात. तुमच्या उशाशी अजिंक्यतारा आहे, तोच घे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबानं वेढा घातला, आत किल्लेदार प्रयागजी प्रभू, माणसं थोडी. समान पॉइंट्सचा डाव मांडला तर ही लढाई होतच नाही, आणि आहे तशी मांडली तर किल्लेदार हरणारच. पण त्याचं काम बादशहाला हरवायचं नव्हतंच, गड लढवत ठेवून त्याची फौज इथं अडकवून ठेवायची होती, आणि गड पडला तो थेट एप्रिल १७०० मध्ये. हे एकदा डोक्यात बसलं की खेळणारा वेगळंच खेळायला लागतो, दाणागोटा जपतो, रात्रीचा छापा घालायचा की माणसं राखायची यावर दहा मिनिटं विचार करतो. आणि सुरुंग! मोगलांचा एक सुरुंग उलटून त्यांच्याच माणसांवर दरड कोसळली, शेकड्यानं गेली. तुमच्या टेबलावर असा फासा पडला तर मित्र म्हणेल नशीब फुटकं, पण इथं ते खरंच घडलेलं आहे.

एक मात्र कटाक्षानं पाळ, गोष्टीसाठी फासा बदलायचा नाही. लाडका सरदार पहिल्याच फेरीत पडला तर पडला, त्याच्या जागी कोण उभा राहतो ते ठरव, बहुतेकदा तिथूनच डाव रंगतो.

मित्रांशी वाद घालत बसू नकोस. पुढच्या रविवारी वेढा मांड, किल्लेदार त्या सगळ्यात जास्त कुरकुरणाऱ्या मित्राला कर, आणि वीस फेऱ्या गड टिकला तर जिंकला तो, एवढंच ठरवून सुरू करा.