क्रिटिकल लीगल थिअरी कुठून वाचायला घ्यावी? वकिलीत तिचा काही उपयोग होतो का?

नांदेडला एलएलएम करताय आणि या पेपरची सुरुवातच सापडत नाही, असं विचारलंय तुम्ही. कायदा कागदावर सगळ्यांना सारखा दिसतो, पण प्रत्यक्षात तो कुणाच्या सोयीचा ठरतो, हे तपासणारा हा विचार. उंगर, फूको हे या विषयातले जड लेखक तूर्त कपाटात राहू द्या. आधी मार्क गॅलँटर या अमेरिकन कायदे-अभ्यासकाचा १९७४ चा लेख वाचा. एक पक्ष कोर्टात रोजचा, दुसरा जन्मात एकदा येणारा. नियम सारखा असूनही रोजचा का जिंकतो, हे त्यात आहे. (जज विकला गेलाय असं तो कुठंही म्हणत नाही.)

मग १८९४ च्या कायद्याखालची (तो २०१३ च्या कायद्यानं रद्द झालाय) भूसंपादनाची एखादी जुनी फाइल मिळवा; वकिलीतला उपयोग तिथंच दिसतो. पाझर तलावाची घ्या, आपल्याकडं त्यांना तोटा नाही. निवाडा (भरपाई ठरवणारा कलेक्टरचा आदेश), तो झाल्याचं कळवणारी १२(२) ची नोटीस, पैशाची उचल, भरपाई वाढवण्यासाठी प्रकरण कोर्टाकडं पाठवा असा कलम १८ चा अर्ज, या चार तारखा कागदावर मांडा. निवाड्याला शेतकरी हजर असेल तर या अर्जाची मुदत निवाड्यापासून सहा आठवडे. नसेल तर नोटिशीपासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, जे आधी संपेल ते. त्यात पैसे उचलताना हरकत नोंदवली नसेल, तर ३१(२) च्या परंतुकानं कलम १८ खाली वाढीव मावेजा (भरपाई) मागायचा हक्कच जातो. संपादनाच्या कचेरीत हे कारकुनालाही तोंडपाठ. शेतकऱ्याला वकील गाठेपर्यंत माहीत नसतं. पुढं भाव ठरतो शेजारच्या खरेदीखतांवरून, आणि स्टँप ड्यूटी वाचवायला त्यांत किंमत आधीच कमी दाखवलेली असते.

बाररूममध्ये एक सीनियर कायम ऐकवतात, ‘कलम १८ सगळ्यांना खुलं होतं, कुणी अडवलं होतं?’ साहेब, पावतीवर न लिहिलेल्या ‘हरकत राखून’ या दोन शब्दांनी अडवलं. १९८४ ला संसदेनं २८-अ घातलं ते उगाच नाही: शेजाऱ्याला कोर्टानं वाढवून दिलं, तर अर्ज न केलेल्यालाही तोच भाव मागता येतो. तिथंही मुदत तीन महिन्यांचीच, आणि शेजाऱ्याचा निकाल लागल्याचं याला कळवायला कुणी बांधील नाही.

यानंतर मथुरा खटल्याचा (मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराचा) सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि त्यावर बक्षी, लतिका सरकार, धगमवार, केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांचं १९७९ चं खुलं पत्र शेजारीशेजारी ठेवून वाचा. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, ही उडी निकालात नेमकी कुठं मारली ते पेन्सिलीनं खुणवा.

एक मात्र आहे. कोर्ट दरवेळी बलवानाच्याच बाजूनं जातं असं लिहू नका, मार्क जातील. हरीशचंद्र प्रकरणात १९६१ लाच सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की, कलम १८ ची मुदत मोजताना निवाड्याची तारीख म्हणजे तो पक्षकाराला कळला ती. आणि फाइल २०१३ च्या कायद्याखालची असेल तर जुन्या १८, २८-अ, ३१ च्या जागी कलमं ६४, ७३, ७७ बघा. हरकतीची अट ७७ मध्ये जशीच्या तशी आहे.