विश्वास कमी पडला म्हणून मन खचतं का?

“रोज प्रार्थना करते, चर्चमधली मिस्सा चुकवत नाही, तरी मन असं खचलंय. माझा विश्वासच कमी पडला का?” ख्रिस्ती घरांतून समुपदेशनाला येणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तन-वसई पट्ट्यातल्या एका कोळीवाड्यातली मार्थाबाय (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली होती.

मासेमारी बंद व्हायच्या तोंडावर, मे महिन्यात, तिचा नवरा बोटीवरून पडून वारला. त्यानंतर जून-जुलैची बंदी, बोटीचं कर्ज, शाळेत जाणारी मुलगी. पावसानंतर बोंबील सुकवायचे दिवस आले, पण हिला पहाटे उठवेना. जेवण तुटलं, झोप उडाली. शेजारणी मायेनेच सांगत, “रोझरी वाढव, बाय.” ती जपमाळेची ही प्रार्थना वाढवायची, आणि बरं वाटलं नाही की स्वतःलाच दोष द्यायची. मला या दोषाचीच जास्त काळजी वाटली.

आधी मी तिला सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ती म्हणाली, “देवाने झोपेतच न्यावं असं वाटतं. पण मी काही करणार नाही मॅडम, पोर आहे.” मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या घेतल्या तर देवावर भरवसा नाही असं होईल, ही तिची भीती. मधुमेहाची गोळी घेताना आपण असं म्हणतो का?

मग आम्ही बायबलमधला एलिया वाचला, पहिले राजे, अध्याय 19. एवढा मोठा संदेष्टा, पण रानात झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देव त्याला रागावत नाही, विश्वास वाढव म्हणत नाही. देवदूत त्याला उठवून भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत परत येतो, परत खाऊ घालतो, कारण पुढची वाट लांब आहे. होरेब डोंगरावरचं देवाशी बोलणं त्यानंतरचं. मार्थाबायने तो भाग दोनदा वाचला आणि विचारलं, “म्हणजे आधी जेवायचं?”

आधी जेवायचं. आमचं पहिलं काम तेवढंच ठरलं: सकाळी पेज, औषध, आणि वलांडीची, म्हणजे बोंबील सुकवायच्या मांडवाची, एकच रांग. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या टांगायच्या, रांग भरली की घरी यायचं. उदास माणसाला उत्साह आल्यावर काम सुचेल म्हणून थांबून चालत नाही. थोडं काम आधी करावं लागतं, उभारी मागून येते.

राग मात्र बराच काळ आत राहिला. “देवाचा राग येतो, हे बोलायलाही पाप वाटतं,” ती म्हणाली. मी तिच्यासमोर बायबलमधलं 88वं स्तोत्र ठेवलं. ते अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. येशूनेही क्रुसावर 22व्या स्तोत्राच्या ओळीतूनच विचारलं, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मग तिनेही विचारलं, मोठ्याने, रडत. फादरांशीही बोलली.

ख्रिस्ती आशा म्हणजे सगळं लवकर ठीक होईल हा दिलासा नव्हे. ती येशूच्या पुनरुत्थानावर उभी आहे, मृत्यूचा शब्द शेवटचा नाही यावर. इब्री लोकांस पत्रात या आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, आणि रोममधल्या जुन्या ख्रिस्ती थडग्यांवरही नांगर कोरलेले आहेत. मार्थाबायला हे समजावावं लागलं नाही. “नांगर टाकला तरी होडी हलतेच,” ती म्हणाली, “फक्त वाहून जात नाही.”

तुमच्या घरात कुणाची झोप-जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, किंवा मरणाची भाषा येत असेल, तर प्रार्थना सुरू ठेवूनच डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. मार्थाबायचं कर्ज अजून फिटायचंय, गोळ्या चालू आहेत, आणि आता ती वलांडीच्या तीन रांगा भरते.