सातपुड्यात कुटी बांधताय, तर आधी ऊन बघा

भाऊ, ध्यानासाठीच्या लाकडी कुटीचा तुमचा नकाशा पाहिला. पश्चिमेची मोठी काच आधी खोडा. सूर्यास्त छान दिसेल, मान्य. पण मे महिन्यात आपल्या खान्देशात पारा ४५ अंशांवर जातो, आणि दुपारी चारनंतरचं तिरपं ऊन त्या काचेतून थेट आत येईल. कुटीची भट्टी होईल. लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला घ्या, पूर्व-पश्चिम भिंती आखूड ठेवा. बैठक उत्तरेच्या खिडकीशी. एकट्याला ८ बाय १० फूट पुष्कळ.

नुसता पत्रा नको. उन्हात तापतो, पावसात तर एवढा वाजतो की ध्यान कसलं! जुन्या लोकांनी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, मातीचा जाड थर उगाच नाही दिला. लाकडी सांगाड्यावर मात्र ते ओझं घालू नका. वर कौलं, खाली फळ्या, मध्ये हवा खेळायला फट आणि फटीला जाळी. छत भिंतीबाहेर अडीच फूट तरी काढा.

लाकूड सागाचं, तेही गाभ्याचं. बाहेरचा फिकट भाग वाळवी खाते, स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. खांब मातीत पुरू नका. दगडी ठोकळ्यांवर दीड-दोन फूट उचला, म्हणजे वाळवीची मातीची नळी वर चढताना लगेच दिसते.

स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते, १९६४चा कायदा आहे. आणि जागा वनजमिनीत येत असेल तर विषय सोडूनच द्या.

होळीच्या आधी कुटीभोवतीचा पालापाचोळा लांबपर्यंत झाडून घ्या, वणवा विचारून येत नाही.